आजार सायन्सचा, आजारी माणूस कुणाचा?

दहावीचा निकाल लागला की घरोघरी एकच हिशेब सुरू होतो. नव्वदच्या पुढे टक्के असतील तर सायन्स, सत्तर-ऐंशी असतील तर कॉमर्स, आणि त्याहून कमी पडले तर ‘आर्ट्सला टाकू’. यातले ‘टाकू’ हे क्रियापद लक्षात घेण्यासारखे आहे. सायन्सला मूल ‘जाते’, आर्ट्सला ते ‘टाकले’ जाते. एखाद्या नव्वद टक्केवाल्या मुलीने आपण होऊन इतिहास किंवा समाजशास्त्र घ्यायचे म्हटले, तर मामा-काकांपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळे तिची समजूत घालायला येतात.

या हिशेबाच्या टोकाला बहुतेक वेळा डॉक्टरकी असते. २०२५ मध्ये ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेश परीक्षेला देशभरातून २२ लाखांहून अधिक मुले बसली. एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास. म्हणजे अठरा जणांत एकाला जागा. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये कला आणि विज्ञान यांच्यात कडक भिंत नसावी असे स्पष्ट म्हटले आहे. भिंत कागदावर पडली असली, तरी घरातल्या चर्चेत ती तशीच उभी आहे, आणि तिचा मुख्य आधार एकच युक्तिवाद आहे: डॉक्टर जीव वाचवतो, इतिहासाचा किंवा मराठीचा प्राध्यापक काय वाचवतो?

प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर साहित्य संमेलनाच्या मांडवात शोधण्यापेक्षा जिथे जीव वाचतात किंवा जातात तिथेच, म्हणजे साथीत, दवाखान्यात आणि अतिदक्षता विभागात शोधलेले बरे.

प्रेताला हात कोण लावणार?

२०१४ ते २०१६ या काळात पश्चिम आफ्रिकेतल्या गिनी, लायबेरिया आणि सिएरा लिओन या देशांत इबोलाची आजवरची सर्वांत मोठी साथ आली. २८ हजारांहून अधिक लोकांना लागण झाली, ११ हजारांहून अधिक दगावले. हा विषाणू विज्ञानाला १९७६ पासून माहीत होता. तो रक्त, उलटी, जुलाब अशा शरीरातल्या स्रावांमधून पसरतो, आणि रुग्ण मरतो तेव्हा त्याच्या शरीरात विषाणूंची संख्या सर्वांत जास्त असते, हेही माहीत होते. त्यामुळे अंत्यविधीच्या वेळी प्रेताला अंघोळ घालणे, त्याला स्पर्श करून निरोप देणे हा मोठा धोका होता. किमान २० टक्के नव्या लागणी अंत्यसंस्काराच्या वेळी होतात, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये सांगितले.

विज्ञानाच्या दृष्टीने उपाय सरळ होता. पायापासून डोक्यापर्यंत झाकलेल्या पथकाने यायचे, प्रेत पिशवीत घालायचे, घेऊन जायचे आणि पुरायचे किंवा जाळायचे. लायबेरियाच्या राजधानीच्या परिसरात सरकारने सक्तीने दहन सुरू केले. ज्या समाजात प्रेत जाळण्याची रीतच नाही, तिथे आईला जाळणार म्हटल्यावर लोकांनी काय केले? आजारी माणसे घरातच लपवली, रात्री गुपचूप पुरली. लागण थांबण्याऐवजी नजरेआड गेली. गिनीमध्ये तर पथकांवर दगडफेक झाली. सप्टेंबर २०१४ मध्ये वोमे या गावात माहिती द्यायला गेलेल्या चमूतल्या आठ जणांचा खून झाला. त्यांत आरोग्य कर्मचारी, अधिकारी आणि पत्रकार होते.

त्यानंतर ज्यांना बोलावले गेले ते मानववंशशास्त्रज्ञ होते. गिनीतल्या एका गावात गरोदर बाई इबोलाने गेली. पोटातले मूल वेगळे केल्याशिवाय पुरले तर गावावर अरिष्ट येईल, अशी लोकांची श्रद्धा होती. शस्त्रक्रिया करणे म्हणजे पथकाचा जीव धोक्यात घालणे. गाव अडून बसले आणि पथकही अडून बसले. जागतिक आरोग्य संघटनेसाठी काम करणाऱ्या ज्युलिएन अनोको या मानववंशशास्त्रज्ञ तिथल्या वडीलधाऱ्यांशी बोलत राहिल्या. अशी चूक घडल्यास करायचा प्रायश्चित्ताचा विधी तिथल्या परंपरेतच होता, तो जाणणारा माणूस त्यांनी शोधून काढला. विधी झाला, त्याचा खर्च संघटनेने उचलला, आणि प्रेताला न उघडता सुरक्षितपणे पुरले गेले.

नोव्हेंबर २०१४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने नियमावली बदलली. नव्या नियमावलीत ‘सुरक्षित’ या शब्दाबरोबर ‘सन्मानपूर्वक’ हा शब्द आला. घरच्यांना विचारायचे, धर्मगुरूला बोलवायचे, मुस्लिम कुटुंबाला प्रेताला पाणी न लावता शुद्धी करण्याचा पर्याय द्यायचा, नातेवाइकांना अंतरावर उभे राहून प्रार्थना करू द्यायची. विषाणूबद्दलचे एकही सत्य यात नाकारले गेले नव्हते. इबोलावरच्या लशीचे पहिले आशादायक निष्कर्ष २०१५ च्या जुलैत आले, तोवर साथ उताराला लागली होती. श्रेय अर्थातच एकट्या मानववंशशास्त्राचे नाही. खाटा वाढल्या, प्रयोगशाळा उभ्या राहिल्या, संपर्कातल्या लोकांचा माग घेतला गेला, आणि लोकांनी स्वतःहून सवयी बदलल्या. पण लपवलेला रुग्ण खाटेपर्यंत पोहोचला, त्याआधी कोणीतरी त्याच्या घरच्यांचे ऐकून घेतले होते.

पुण्याने हा धडा आधीच पाहिला होता

हे सगळे महाराष्ट्राला नवीन नसायला हवे. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेग आला आणि पुढे पुण्यात पोहोचला. प्लेगचा जंतू १८९४ मध्येच सापडला होता. वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. त्या काळच्या मानाने विज्ञान झपाट्याने पुढे जात होते.

४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा झाला. पुण्यात प्लेग समितीचे अध्यक्ष वॉल्टर रँड यांनी घरझडतीसाठी गोरे सैनिक लावले. देवघरापर्यंत, माजघरापर्यंत बूट गेले, बायकांची तपासणी झाली, सामानसुमान जाळले गेले. पंडिता रमाबाईंसारख्या व्यक्तीनेही या वागणुकीविरुद्ध जाहीरपणे लिहिले. २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या, हा इतिहास शाळेतल्या मुलांनाही ठाऊक आहे. शाळेत त्याची उजळणी क्रांतिकारकांच्या धड्यात होते. तो सार्वजनिक आरोग्याच्याही पुस्तकात असायला हवा.

यातली दुसरी बाजू तितकीच महत्त्वाची. प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये दाखवले. म्हणजे १८९७ मध्ये ज्या खात्रीने माणसांना घराबाहेर ओढले जात होते, त्या खात्रीला पुरेसा शास्त्रीय आधार नव्हता. सत्तेजवळ अर्धे ज्ञान होते आणि पूर्ण आत्मविश्वास होता. त्याच शहरात, त्याच साथीत सावित्रीबाई फुले रुग्णसेवा करत होत्या. त्यातच लागण होऊन १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. लोक कोणाच्या हाती आपला रुग्ण विश्वासाने सोपवत होते आणि कोणापासून लपवत होते, याची दोन्ही उदाहरणे एकाच शहरात होती.

२०२० मध्ये कोविड आला तेव्हा तोच १८९७ चा कायदा पुन्हा बाहेर काढला गेला. पत्र्यांनी बंद केलेल्या गल्ल्या, दारावर चिकटवलेले कागद, प्लास्टिकमध्ये गुंडाळून परस्पर नेलेली प्रेते आणि चाचणीला घाबरून ताप लपवणारी माणसे महाराष्ट्राने पाहिली. मार्च २०२० मध्येच जागतिक आरोग्य संघटनेने ‘सामाजिक अंतर’ न म्हणता ‘शारीरिक अंतर’ म्हणावे असे सुचवले होते. ज्या समाजात शिवताशिवतीचा इतिहास ताजा आहे, तिथे ‘सामाजिक अंतर’ या शब्दाला कसला वास येतो हे भाषेच्या विद्यार्थ्याने चटकन सांगितले असते. आपल्याकडे तो शब्द शेवटपर्यंत फलकांवर राहिला.

‘चक्कर येते’ म्हणजे नक्की काय होते?

मोठ्या साथी रोज येत नाहीत. बाह्यरुग्ण विभाग मात्र रोज भरतो, आणि तिथे पहिली तपासणी भाषेची असते.

रुग्ण म्हणतो, ‘चक्कर येते.’ त्याला ‘गरगरतंय’ असे म्हणायचे असेल, म्हणजे खोली फिरल्यासारखी वाटत असेल, तर दोष बहुधा आतल्या कानात किंवा तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेत असतो. ‘डोळ्यांपुढे अंधारी येते’ असे म्हणायचे असेल तर रक्तदाब, रक्तक्षय किंवा हृदयाची लय बघावी लागते. आणि नुसतेच ‘हातपाय गळाल्यासारखे’ वाटत असेल तर उपाशीपोटी केलेले काम, साखर, थायरॉइड, मनावरचा ताण असे काहीही असू शकते. तीन वाटा, तीन वेगळ्या तपासण्या. कोणती वाट धरायची ते एका शब्दावरून ठरते.

वेदनेसाठी मराठीत शब्दांची श्रीमंती आहे. पोटात थांबून थांबून येते ती कळ, पू धरलेल्या जागी असतो तो ठणका, कमरेतून पायात जाते ती चमक, मधुमेह्याच्या तळव्यांची होते ती आग, नस दबली की येतात त्या मुंग्या. हृदयविकाराच्या झटक्यात कित्येक रुग्ण ‘दुखतं’ असे म्हणतच नाहीत. ‘छातीवर कुणी बसल्यासारखं वाटतं’ म्हणतात. बायका आणि मधुमेही तर अनेकदा फक्त ‘जीव कासावीस होतो’ एवढेच सांगतात. कॅनडातले मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेलझॅक यांनी १९७५ मध्ये वेदनेच्या ७८ इंग्रजी शब्दांचे २० गट पाडून एक प्रश्नावली केली. ती आज जगभर वापरली जाते. म्हणजे शब्दांचा काटेकोर अभ्यास हेही मोजमापाचे साधन होऊ शकते.

मग मराठीतला ‘अंगावर काढणे’ हा वाक्प्रचार घ्या. शेतमजूर बाई सांगते, ‘दोन महिने अंगावर काढलं.’ केसपेपरवर नोंद होते, ‘त्रासाचा कालावधी: दोन महिने.’ नोंद चुकीची नाही, पण कामाचे बरेच काही तिच्यातून गळून गेले. सोयाबीनची काढणी चालू होती, रोज बुडला असता, नवऱ्याला विचारायचे होते, एसटीचे पैसे नव्हते, तपासणीसाठी बाई डॉक्टर असेल की नाही माहीत नव्हते. पुढच्या वेळी ती सांगितलेल्या तारखेला येईल की नाही, सहा महिन्यांची क्षयाची औषधे पुरी करेल की बरे वाटल्यावर दुसऱ्या महिन्यात सोडेल, याचे उत्तर त्या गळलेल्या भागात असते. औषधांचा गुण प्रयोगशाळेत सिद्ध झालेला असतो. ती गोळी रोज पोटात जाईल की नाही, हे घरातल्या परिस्थितीवर ठरते.

गडचिरोलीत ऐकले आणि मोजलेही

ऐकण्याला शास्त्राची जोड मिळाली की काय होते, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन खेड्यांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात जानेवारी १९८९ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता. एकेकीला सरासरी ३.६ विकार होते. यापूर्वी कधीतरी त्यासाठी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या फक्त ८ टक्के.

त्या काळात स्त्रीचे आरोग्य म्हणजे गर्भारपण आणि कुटुंबनियोजन, असे धोरणकर्त्यांचे समीकरण होते. ज्या विकारांबद्दल बाई बोलतच नाही ते सरकारी तक्त्यातही नव्हते. ‘अंगावरून जाणे’ यासारखे शब्द, त्यामागची लाज, त्याबद्दलच्या समजुती समजून घेतल्याशिवाय ही पाहणी झालीच नसती. आणि नुसते समजून घेऊन थांबले असते, मोजले नसते, तर जगाने दखल घेतली नसती.

नवजात बाळांच्या बाबतीतही तेच. बाळंतीण आणि तान्हे बाळ घराबाहेर न्यायचे नाही ही रीत आहे. आजारी बाळाला दवाखान्यात न्या म्हटले तरी घरचे तयार होत नसत. त्यावर लोकांना अडाणी म्हणून मोकळे होता आले असते. त्याऐवजी उपचारच घरी नेले गेले. पाच ते दहा इयत्ता शिकलेल्या गावातल्याच बायकांना प्रशिक्षण दिले गेले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार ३९ गावांत, तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने, नवजात बालमृत्यूंत ६२ टक्के घट झाली. पुढे आशा कार्यकर्तींमार्फत घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याचा देशव्यापी कार्यक्रम त्याच धर्तीवर आला. हे यश विज्ञानाचे की समाजाच्या अभ्यासाचे? वेगळे काढताच येत नाही.

हुशार विद्यार्थ्यांच्या हातातले यंत्र

आता उलट बाजू. सोनोग्राफी हे गेल्या अर्धशतकातल्या सर्वांत उपयोगी वैद्यकीय साधनांपैकी एक. त्यातून निघणाऱ्या ध्वनिलहरींना मुलगा-मुलगी हा भेद माहीत नसतो. पण महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे मुलींची संख्या २००१ मध्ये ९१३ होती, ती २०११ मध्ये ८९४ वर आली. हे पाप अशिक्षित सुईणींचे नव्हते. यंत्र चालवणारे, बारावीला विज्ञानात उत्तम गुण मिळवलेले, पदव्युत्तर शिक्षण घेतलेले डॉक्टर होते. त्यांच्या जीवशास्त्राच्या ज्ञानात काही उणे नव्हते. हे करावे का, हा प्रश्न त्यांच्या परीक्षेत कधी आला नव्हता.

तो प्रश्न विचारला कोणी? १९८० च्या दशकाच्या मध्यात मुंबईत स्त्री चळवळीतल्या कार्यकर्त्या, समाजशास्त्राचे अभ्यासक आणि काही डॉक्टर-शास्त्रज्ञ एकत्र आले. त्यांच्या रेट्यामुळे १९८८ मध्ये महाराष्ट्राने गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ मध्ये आला.

न्यायवैद्यकाच्या पुस्तकांत स्त्रीच्या ‘कौमार्याची लक्षणे’ पिढ्यान्‌पिढ्या शिकवली जात होती. त्याला शास्त्रीय आधार नाही. बलात्कारपीडितेची ‘दोन बोटांची चाचणी’ तिच्या प्रतिष्ठेवर आघात करते असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये आणि पुन्हा २०२२ मध्ये सांगितले. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतल्या न्यायवैद्यक तज्ज्ञाने पाठपुरावा केल्यावर २०१९ मध्ये महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने हा भाग अभ्यासक्रमातून काढला. हजारो विद्यार्थ्यांनी तो पाठ केला, उत्तरपत्रिकेत लिहिला आणि गुण मिळवले. हे वाक्य पुस्तकात कुठून आले, कुणाच्या फायद्याचे होते, असे विचारायची सवय इतिहासाचा चांगला शिक्षक लावतो. ती सवय नसेल तर विज्ञानाच्या पुस्तकातही पूर्वग्रह मुरून राहतो.

व्हेंटिलेटर आणि त्यापुढचा निर्णय

अतिदक्षता विभागाच्या बाहेर बसलेल्या कुटुंबाला विज्ञान बरेच काही सांगू शकते. मेंदूला किती इजा झाली आहे, मूत्रपिंडे चालत आहेत का, बरे होण्याची शक्यता किती. वडील ऐंशीचे आहेत, त्यांनी ‘मला नळ्या लावू नका’ असे कधीतरी म्हटले होते, थोरल्याला उपचार थांबवावेसे वाटतात, धाकटी तयार नाही, शेत गहाण पडले आहे. इथून पुढे काय योग्य, हे कोणत्याही रक्तचाचणीत दिसत नाही. ९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सन्मानाने मरण्याचा हक्क आणि त्यासाठी आगाऊ लिहून ठेवलेली इच्छा मान्य केली, २०२३ मध्ये तिची प्रक्रिया सोपी केली. त्या निकालामागे तत्त्वज्ञान, कायदा आणि धर्मविचार यांचे कित्येक शतकांचे मंथन आहे. डॉक्टर न होणाऱ्यांनाही असा निर्णय आयुष्यात एकदा तरी घ्यावा लागतो.

म्हणूनच मानव्यविद्या म्हणजे वैद्यकाच्या हाताखालची मदतनीस असेही समजू नये. कर किती असावा, पाणी कोणाला आधी मिळावे, कोणता कायदा अन्यायाचा आहे, हे ठरवणारा नागरिक त्या घडवतात. रुडॉल्फ व्हिर्को या जर्मन डॉक्टरांना १८४८ मध्ये सायलेशियातल्या टायफसच्या साथीची पाहणी करायला पाठवले, तेव्हा त्यांनी औषधांपेक्षा शिक्षण, चांगली मजुरी आणि राजकीय हक्क यांची शिफारस केली होती.

आक्षेप खरे आहेत

यावर तीन आक्षेप घेतले जातात आणि तिन्हींत तथ्य आहे.

पहिला: हे सगळे अनुभवाने येते, त्यासाठी वेगळा अभ्यास कशाला? काही जणांना येते. पण अनुभवातून शिकायला लागणारी पहिली दहा वर्षे रुग्णांच्या खर्चाने जातात. शरीरशास्त्र अनुभवाने शिकू, असे कोणी म्हणत नाही.

दुसरा: लोकांच्या रीतीभाती समजून घ्यायच्या म्हणजे त्या चालू द्यायच्या का? मुळीच नाही. मेळघाटात तान्ह्या बाळाच्या पोटावर तापलेल्या लोखंडाने चटके देण्याची प्रथा आहे. तिच्यामुळे जीव गेले आहेत. तिथे बाळाला दवाखाना लागतो, आणि त्याबद्दल तडजोड नाही. प्रश्न एवढाच, की आई त्या बाळाला लपवेल की आणेल. भूमकांनाच सोबत घेऊन रुग्ण दवाखान्यात पाठवण्याचे प्रयत्न त्यासाठीच झाले. शिवाय मानव्यविद्यांनाही पुराव्याची शिस्त हवी. ‘आमची संस्कृती’ म्हणून काहीही खपवणे हा त्या विद्यांचाही अपमान आहे.

तिसरा आणि सर्वांत वजनदार: पोट भरेल का? कर्ज काढून शिकवणाऱ्या बापाला हा प्रश्न विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे. पण वस्तुस्थिती अशी, की देशातल्या पदवीच्या विद्यार्थ्यांपैकी साधारण एक तृतीयांश आजही कला शाखेतच आहेत. मुले तिथे जातच आहेत. त्यांना तिथे मिळते काय, हा खरा प्रश्न आहे. रिकाम्या जागा, तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक, गाईडवर निघणारी परीक्षा आणि ‘कमी टक्केवाल्यांची शाखा’ हा शिक्का यातून जे बाहेर पडते, त्यावरून विषयाची किंमत ठरवणे म्हणजे बिघडलेल्या थर्मामीटरवरून ताप नाही म्हणण्यासारखे आहे.

करता येण्यासारखे

वैद्यकीय शिक्षणाने थोडी सुरुवात केली आहे. २०१९ मध्ये, बावीस वर्षांनंतर, एमबीबीएसचा अभ्यासक्रम बदलला. त्यात वृत्ती, नीतिमूल्ये आणि संवाद यांचे पाठ आले, स्थानिक भाषेची ओळख आली. अनेक ठिकाणी हे तास जेवणाच्या सुट्टीला जोडून उरकले जातात, कारण गुणांचा भार दुसरीकडे असतो. हे पाठ समाजशास्त्र, इतिहास, मराठी शिकलेल्या अध्यापकांनी रुग्णालयात येऊन, रुग्णाच्या खाटेशेजारी घेतले तर त्यांना अर्थ येईल. दिल्लीच्या युनिव्हर्सिटी कॉलेज ऑफ मेडिकल सायन्सेसमध्ये २००९ पासून असा गट काम करतो आहे.

न्यूयॉर्कच्या माउंट सिनाई वैद्यकीय महाविद्यालयाने १९८७ पासून काही जागा साहित्य, इतिहास अशा विषयांच्या विद्यार्थ्यांसाठी ठेवल्या. त्यांना भौतिकशास्त्र, सेंद्रिय रसायनशास्त्र आणि नेहमीची प्रवेश परीक्षा यांतून सूट होती. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात ते विद्यार्थी वैद्यकीय शिक्षणात इतरांच्या बरोबरीचे ठरले. तिथली पद्धत जशीच्या तशी आपल्याकडे आणणे शक्य नाही. पण अकरावीला इतिहास घेतला म्हणून बुद्धीला गंज चढत नाही, एवढे त्यातून नक्की दिसते. आणि विज्ञान घेतलेल्या मुलाच्या हातात प्रवेश परीक्षेच्या संचाशेजारी एखादी कादंबरी दिसली, तर तो वेळ वाया घालवतो आहे असे समजू नये.

मुलाला शरीरशास्त्राची ओढ असेल तर त्याने विज्ञानच घ्यावे. विषाणू शोधायला, लस बनवायला, हृदयाची झडप बदलायला विज्ञानाला पर्याय नाही. पण ज्या मुलीला पुण्यातल्या प्लेगची कागदपत्रे वाचावीशी वाटतात, आदिवासी पाड्यावरची भाषा शिकावीशी वाटते, कायद्यातला अन्याय टोचतो, तिची समजूत घालायला जाणाऱ्यांनी जरा थांबावे. पुढची साथ येईल तेव्हा लस कदाचित शंभर दिवसांत तयार होईल. ती घ्यायला दंड पुढे करायचा की नाही, हे लोक ठरवतील. त्या लोकांचे मन वाचायला शिकलेले कोणीतरी तेव्हा आरोग्य पथकात असावे लागेल.